पत्रातून राहून गेलेली बाई

वाचक लिहितात: "ताई, मी 42 वर्षांची, मिस्टर 46. आम्हाला 11 वर्षांचा मुलगा आहे. दुसऱ्या मुलासाठी बरीच वर्षं प्रयत्न केले. दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा टिकले नाहीत. शेवटी डॉक्टरच थांबा म्हणाले. दीड वर्षापूर्वी दत्तकासाठी नाव नोंदवलं, पण रांग हलतच नाही. परवा एक मैत्रीण म्हणाली की फॉस्टर केअरमध्ये मूल लवकर मिळतं आणि पुढे तेच दत्तक घेता येतं. तेव्हापासून डोक्यात हाच विचार आहे. मला मुलगी हवी, तीन-चार वर्षांची. आतली खोली रिकामी केली आहे, फिका गुलाबी रंगसुद्धा आणून ठेवला आहे. मिस्टर म्हणतात, तुला हवं तर कर. सासूबाई म्हणतात, परक्याच्या मुलाचा लळा लावून घ्यायचा आणि उद्या ते नेलं की रडत बसायचं, हे विकतचं दुखणं कशाला? मुलाला अजून काही सांगितलेलं नाही. आम्ही पात्र ठरू का? मूल परत नेलं तर मी ते कसं सहन करू? मुलाला कधी सांगू? आणि त्या मुलीने मला आई म्हणावं म्हणून काय करू?"

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्या वेळी तुमच्यासाठी जीव तुटला. दुसऱ्यांदा वाचताना हाताची बोटं मोजली. पत्रात तुम्ही आहात, मिस्टर आहेत, मुलगा, सासूबाई, मैत्रीण, डॉक्टर, इतकंच काय रंगाचा डबाही आहे. एक बाई मात्र कुठेच नाही. त्या तीन-चार वर्षांच्या मुलीची आई.

ती असणार. जवळजवळ नेहमी असते. रुग्णालयात असेल, तुरुंगात असेल, व्यसनात बुडालेली असेल, मारझोड करणाऱ्या माणसाच्या घरातून अजून बाहेर पडू शकलेली नसेल, किंवा तिचं मन इतकं आजारी असेल की लेकराला अंघोळ घालायचंही तिला सुचत नसेल. कधी आई नसते, पण बाप असतो, आजी असते, लहान भाऊ असतो. फॉस्टर केअरमध्ये येणारं मूल बहुतेक वेळा अनाथ नसतं. त्याची माणसं असतात आणि आज ती त्याला सांभाळू शकत नाहीत. ती पुन्हा सांभाळण्याजोगी होईपर्यंत, किंवा होणार नाहीत असा कायदेशीर निर्णय लागेपर्यंत, मुलाने संस्थेच्या मोठ्या हॉलमध्ये रांगेतल्या कॉटवर न झोपता कुणाच्या तरी घरात झोपावं, एवढ्यासाठी ही व्यवस्था आहे.

त्यामुळे तुमच्या मैत्रिणीने सांगितलं ते अर्धं खरं आहे, आणि अर्ध्या खऱ्यानेच माणूस जास्त फसतो. दत्तक म्हणजे मुलाचं जुनं कायदेशीर नातं संपून नवं सुरू होणं. फॉस्टर केअरमध्ये जुनं नातं जिवंत असतं. मूल तुमच्या घरी राहतं, तुमच्या ताटात जेवतं, रात्री तुमच्या कुशीत शिरतं. पण शस्त्रक्रियेच्या संमतीवर सही कुणाची, देशाबाहेर न्यायला परवानगी कुणाची, शाळा बदलायची तर कुणाला विचारायचं, हे सगळं पालक, न्यायालय किंवा बालकल्याण यंत्रणा ठरवते. काही ठिकाणी तर केस कापायलासुद्धा आधी विचारावं लागतं. हसू येईल तुम्हाला. पण ज्या आईकडून सगळं काढून घेतलं आहे, तिला भेटीच्या दिवशी लेकीची वेणी कापलेली दिसली तर काय होत असेल, त्याचा विचार करा.

पुढे दत्तक घेता येतं का? कधीकधी येतं, आणि त्याचे नियम देशोदेशी वेगळे आहेत. अमेरिकेत 1997 च्या कायद्यानुसार मूल शेवटच्या 22 महिन्यांपैकी 15 महिने फॉस्टर केअरमध्ये असेल, तर काही अपवाद वगळता पालकांचे हक्क संपवण्यासाठी न्यायालयात अर्ज करावा लागतो. भारतात 2015 च्या बाल न्याय कायद्यात फॉस्टर केअरसाठी कलम 44 आहे आणि मूल कुणाकडे द्यायचं हे बालकल्याण समिती ठरवते. 2024 च्या नव्या मार्गदर्शक सूचनांनी एकट्या व्यक्तींनाही दार उघडलं आणि दत्तकाचा विचार होण्याआधी जी पाच वर्षं थांबावं लागायचं, ती दोनवर आणली. बहुधा तुमच्या मैत्रिणीच्या कानावर हेच आलं असावं. पण ही वाट तेव्हाच उघडते, जेव्हा मूल दत्तकासाठी कायद्याने मोकळं झालेलं असतं. म्हणजे त्या आईचा रस्ता आधी बंद व्हावा लागतो.

आता मी जे लिहिणार आहे ते लागेल, पण पुढे अधिक लागण्यापेक्षा आत्ता लागलेलं बरं. दत्तकाची रांग लांब आहे म्हणून या दारातून आत शिरू नका. तसं केलंत तर तुमच्याही नकळत तुम्ही एका अनोळखी बाईच्या अपयशाची वाट पाहू लागाल. ती भेटीला आली नाही की हळहळ वाटायच्या ऐवजी आतून सुटल्यासारखं वाटेल. तिचं व्यसन पुन्हा सुरू झाल्याचा फोन आला की तोंडाने 'अरेरे' म्हणाल आणि मनात गुलाबी भिंत दिसेल. तुम्ही वाईट नाही आहात. तुमच्या जागी मी असते तर माझंही तेच झालं असतं. पण मुलांना हे कळतं. न बोललेलं त्यांना जास्त कळतं.

मी काही वर्षं अशा घरांच्या भेटींचं काम केलं आहे. त्या काळात पाहिलेलं एक घर सांगते, ओळख पटणार नाही इतपत. तिथे एक मुलगा होता, पाचेक वर्षांचा. घर छान, माणसं मायाळू, खेळणी ढीगभर. फक्त आईचा विषय निघाला की सगळे बोलणं बदलायचे. मुद्दाम नव्हे, त्याला त्रास होऊ नये म्हणून. एकदा मी निघताना तो दारापर्यंत आला आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "माझी आई मेली का?" ती जिवंत होती, उपचार घेत होती. कुणी तिचं नावच घेत नाही, म्हणजे ती गेली असणार, असा हिशेब त्या पाच वर्षांच्या डोक्याने एकट्याने मांडला होता. ते ओझं घेऊन तो किती रात्री झोपला असेल कोण जाणे.

याच्या अगदी उलट कसं करता येतं, याचं एक उदाहरण मला फार आवडतं. 1960 च्या दशकात लंडनमध्ये जेम्स आणि जॉइस रॉबर्टसन हे जोडपं लहान मुलं आणि ताटातूट या विषयावर काम करत होतं. मूल आईपासून काही दिवस दूर राहिलं तर त्याचं काय होतं, हे नुसतं बाहेरून बघत बसण्यापेक्षा त्यांनी स्वतःच प्रतिपालक, म्हणजे दुसऱ्याचं मूल काही काळ आपल्या घरी सांभाळणारे, व्हायचं ठरवलं. दीड ते अडीच वर्षांची चार मुलं, आया बाळंतपणासाठी रुग्णालयात असताना, एकामागून एक त्यांच्याकडे राहिली. मूल येण्याआधी ओळखीच्या भेटी झाल्या. कुठल्या वेळी झोपतं, रडलं की काय केलेलं चालतं, हे आईकडून समजून घेतलं. मुलाच्या घरातल्या वस्तू सोबत आणल्या. आईचा फोटो जवळ ठेवला आणि जॉइसबाई रोज त्या आईबद्दल बोलत राहिल्या. बाप भेटायला येत. मुलं अस्वस्थ झाली, चिडली, पण कोलमडली नाहीत. त्याच सुमाराला त्यांनी संस्थेत नऊ दिवस राहिलेल्या दीड वर्षाच्या एका मुलाचंही चित्रण केलं होतं. तिथल्या बायका प्रेमळ होत्या, पण पाळीनुसार बदलत होत्या आणि त्याच्या वाट्याला सलग कुणीच येत नव्हतं. नऊ दिवसांनी आई न्यायला आली तेव्हा त्या मुलाने तिच्याकडे जायला नकार दिला.

म्हणून, 'तिने मला आई म्हणावं म्हणून काय करू?' या तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर: काही करू नका. ती काय म्हणेल ते तिला ठरवू द्या. काही मुलं दुसऱ्याच दिवशी 'आई' म्हणतात, आणि नवखा माणूस विरघळतो. अनुभवी माणूस जरा सावध होतो. जे मूल कुणालाही आई म्हणतं, कुणाच्याही मांडीवर बसतं, बसस्टॉपवरच्या अनोळखी माणसाचा हात धरून चालायला लागतं, त्याला हक्काचं माणूस आणि परकं माणूस यातला फरक कळण्याइतकं स्थैर्य मिळालेलंच नसतं. उलट जी मुलगी महिनाभर तुम्हाला 'ओ बाई' म्हणते आणि फुरंगटून कोपऱ्यात बसते, तिचं कुठेतरी घट्ट नातं आहे. ते जपलंत तर ती तुमच्याशीही नातं जोडायला शिकेल. मावशी म्हणू दे, काकू म्हणू दे, नावाने हाक मारू दे.

आता सासूबाईंचं. त्यांचं वाक्य कठोर वाटलं तरी त्यांनी नेमक्या जागी बोट ठेवलं आहे. लळा लागणार आणि मूल जाणार. यावर लोक एक शहाणपणाचा उपाय सुचवतात, की फार गुंतायचं नाही, थोडं अंतर ठेवायचं. हा उपाय मुलाच्या मुळावर येतो. रोमेनियातल्या बुखारेस्टमध्ये या शतकाच्या सुरुवातीला चार्ल्स नेल्सन, नेथन फॉक्स आणि चार्ल्स झीना या संशोधकांनी अनाथालयांतल्या 136 लहानग्यांचा अभ्यास केला. चिठ्ठ्या टाकून निम्मी मुलं फॉस्टर कुटुंबांत गेली, निम्मी होती तशीच राहिली. घरी गेलेल्या मुलांची बुद्धी, भाषा, माणसांशी जोडून घेण्याची ताकद पुढे सरकली, आणि जी सुमारे दोन वर्षांची व्हायच्या आत गेली, त्यांची सर्वात जास्त. संस्थेतही जेवण होतं, छप्पर होतं. नव्हतं ते एक ठरावीक माणूस, जे रडण्याचा आवाज ओळखून उठेल. तुम्ही अंतर राखून सांभाळलंत, तर मुलाला घर मिळेल आणि नेमकं तेच मिळणार नाही ज्यासाठी त्याला घरी आणलं.

तेव्हा, सहन कसं करू याचं सरळ उत्तर असं की रडाल. काही दिवस घर खायला उठेल. शाळेच्या वेळेला हात आपोआप डब्याकडे जाईल. ज्यांना असं झालं नाही, अशी चांगली प्रतिपालक माणसं मी पाहिलेली नाहीत. मात्र त्या दुःखाला आधार असतो. निरोप आधीपासून ठरवता येतो. मूल हळूहळू जाऊ शकतं, आधी एक दिवस, मग शनिवार-रविवार, मग कायमचं. त्याच्याबरोबर तुमच्या घरातल्या दिवसांची वही जाते, फोटो चिकटवलेली, पहिला दात पडल्याची तारीख लिहिलेली. काही आया नंतरही फोन करतात, वाढदिवसाला बोलावतात. काही करत नाहीत. त्यांनाही तो काळ विसरायचा असतो, त्यांच्यावर रागावू नका. दुसऱ्या मुलासाठी घर लगेच उघडू नका, एवढं मात्र माझं ऐका.

आणि तुमच्या बाबतीत आणखी एक सांगते. दोन न जन्मलेल्या बाळांचं दुःख तुम्ही पत्रात अर्ध्या ओळीत उरकलंत. त्यावर कधी कुणाशी मोकळेपणी बोललात का? नसाल, तर आधी ते करा, समुपदेशकाकडे जाऊन करा. दीड वर्ष रांगेत थांबणं हीसुद्धा एक झीज आहे. त्या जखमेवर एक परतीचं तिकीट असलेलं मूल आणून बसवलंत, तर ते गेल्यावर तिसरं बाळ गेल्यासारखं होईल.

पात्रतेची चिंता तुम्ही पहिल्या प्रश्नात केलीत, पण मला ती सगळ्यात कमी वाटते. वयाच्या, उत्पन्नाच्या अटी जागोजागी वेगळ्या असतात, त्या स्थानिक बालकल्याण यंत्रणेकडून लेखी घ्या. श्रीमंती कुणी मागत नाही, स्थैर्य मागतात. मुलासाठी मिळणारा भत्ता त्याच्या खर्चासाठी असतो, त्यात तुमचं घर चालणार नाही आणि चालावं अशी अपेक्षाही नसते. पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी, डॉक्टरांचं प्रमाणपत्र, ओळखीच्या दोन-तीन माणसांशी बोलणं हे बहुतेक सगळीकडे आलंच.

खरी कसोटी लागते ती सोशल वर्कर घरी येऊन बसतात तेव्हा. तुम्हाला वाटेल त्या खोली मोजायला आल्या आहेत. त्या विचारतील, लहानपणी तुम्हाला मार बसायचा का? तुमच्याकडे राग आला की कोण ओरडतं आणि कोण गप्प होतं? तुमच्या लग्नातला सर्वात वाईट काळ कोणता होता आणि त्यातून कसे बाहेर पडलात? मूल नाही झालं याचं आता काय वाटतं? लोकांना राग येतो, आमच्या खाजगी आयुष्याशी यांचा संबंध काय म्हणून. संबंध असा, की दुखावलेलं मूल तुमच्या नेमक्या दुखऱ्या जागेवर पाय देणार आहे, आणि ती जागा तुम्हाला आधी माहीत असलेली बरी. सजवलेली उत्तरं देऊ नका. 'आमच्यात कधी भांडण होत नाही' असं म्हणणाऱ्या जोडप्याबद्दल मी वहीत नेहमी प्रश्नचिन्ह काढून ठेवायचे.

इथे तुमच्या मिस्टरांचा विषय येतो. 'तुला हवं तर कर' हा होकार नाही. भिंतीच्या रंगाबद्दल तो चालला असता. रात्री दोन वाजता मूल अंथरुण ओलं करून किंचाळत उठतं, शाळेतून चावल्याची तक्रार येते, भेटीहून परतल्यावर ते पाण्याचा पेला फेकून मारतं, तेव्हा 'तुला हवं होतं ना' हे वाक्य घरात फार लवकर येतं. तुम्ही त्यांना पटवू नका. पटवलेला माणूस पुढे वकिलासारखा बोलतो. त्यांना एखाद्या प्रतिपालक पुरुषाशी एकट्याने गप्पा मारू द्या, तुम्ही तिथे नसताना. परतल्यावर ते काय विचारतात ते बघा. एकही प्रश्न आला नाही, तर तेच त्यांचं उत्तर समजा.

मुलाला मात्र आजच सांगा. निर्णय झाल्यावर सांगणं म्हणजे त्याला नोटीस देणं. 11 वर्षांच्या मुलाला पुष्कळ समजतं, आणि आतली खोली रिकामी झाली आहे हे त्याने पाहिलेलंच असणार. त्याला नकार द्यायचा हक्क आहे असं त्याला खरंच वाटलं पाहिजे. त्याचे प्रश्न व्यवहारी असतील, ती माझ्या वस्तूंना हात लावेल का, तुम्ही तिलाच जास्त जवळ घ्याल का, मित्रांना काय सांगू. प्रामाणिक उत्तरं द्या. हो, काही दिवस आमचं लक्ष तिच्याकडे जास्त असेल आणि तुला राग येईल. त्याचं कपाट, त्याचं दार, आठवड्यातला त्याचा एक तास पक्का ठेवा. येणारं मूल घरातल्या मुलापेक्षा बऱ्यापैकी लहान असलेलं बरं, हे अनुभवी लोक सांगतात ते खरं आहे. तुमच्याकडे तेवढं अंतर पडतं. झोपायची खोली, अंघोळ, बंद दार यांचे नियम पहिल्या दिवसापासून सगळ्यांसाठी सारखे करा. ज्या मुलाच्या शरीराची मर्यादा कुणी मोडली असेल, त्याला असे नियम कोरडे वाटत नाहीत, त्यात सुटका वाटते. तुमच्या मुलाचं रक्षणही त्यातच आहे.

मुलगीच हवी, तीन-चार वर्षांचीच हवी, हे बोलायचं राहिलं. इच्छा सांगायला हरकत नाही, यंत्रणा तुमची इच्छा नोंदवूनही घेते. पण निवड मुलासाठी घर शोधण्याची असते, घरासाठी मूल शोधण्याची नव्हे. लहान मुलांसाठी पुढे येणारी घरं बरीच असतात. वाट बघत बसतात ती आठ-दहा वर्षांची मुलं, आणि भावंडं. संयुक्त राष्ट्रांनी 2009 मध्ये पर्यायी संगोपनाबद्दल जी मार्गदर्शक तत्त्वं स्वीकारली, त्यात म्हटलं आहे की भावंडांची ताटातूट शक्यतो करू नये, आणि नुसत्या गरिबीच्या कारणाने मुलाला घरातून हलवू नये. कागदावर आहे हे. प्रत्यक्षात 'फक्त धाकटीला घेऊ' म्हणणारी चांगली चांगली माणसं मी पाहिली आहेत. उद्या तुम्हाला फोन आला की चार वर्षांची मुलगी आहे आणि तिचा सात वर्षांचा भाऊही आहे, तोच आजवर तिला भरवत आला आहे, तर काय म्हणाल?

अशा थोरल्या भावंडांवर वेगळं लिहायला हवं. ती मुलं तुम्हाला स्वयंपाकघरात येऊ देत नाहीत. धाकट्याचं जेवण, धाकट्याचं औषध, सगळं त्यांच्याच हातात हवं असतं. लोक कौतुक करतात, किती समजूतदार म्हणून. तो समजूतदारपणा नसतो, ती ड्यूटी असते, आणि तिच्यावरून त्यांना मोकळं करायला महिने लागतात.

पहिल्या दिवसांबद्दल थोडं, कारण हे तुम्हाला कुणी सांगणार नाही. मूल बहुतेक वेळा एका पिशवीसह येतं. त्यातले कपडे मळके असतील, वास येत असेल. धुऊ नका. निदान एक तरी तसाच राहू द्या. तो वास म्हणजे त्याचं घर आहे. पहिले काही आठवडे ते इतकं शहाण्यासारखं वागेल की तुम्ही म्हणाल, उगाच घाबरवलं सगळ्यांनी. पाहुणं असतं ते, अंदाज घेत असतं. जरा सुरक्षित वाटायला लागलं की खरं मूल बाहेर येतं. खोटं बोलेल, उशीखाली खाऊ लपवेल, पलंग सोडून जमिनीवर दाराच्या आड झोपेल. खाऊ लपवणाऱ्या मुलाला चोर म्हणू नका. त्याला त्याचा एक डबा द्या आणि तो कधी रिकामा पडू देऊ नका, काही महिन्यांत उशी मोकळी होते. मारायचं तर कधीच नाही, हलकी चापटसुद्धा नाही. तुमच्या घरात ती लाडाची असेल. त्या मुलाला चापटीनंतर काय काय यायचं ते तुम्हाला ठाऊक नाही.

फोटो इंटरनेटवर टाकायचे नाहीत. त्याची कहाणी शेजारणीला सांगायची नाही, तुमच्या आईलाही सगळी सांगायची नाही. रोज चार ओळी लिहून ठेवायच्या, काय घडलं, कुठे लागलं, भेटीनंतर कसं वागलं. हे यंत्रणेसाठी असतं आणि तुमच्यासाठीही. कधी मुलाला इजा झाल्यावर किंवा भेटीत त्याने काही सांगितल्यावर प्रतिपालकांवरच आरोप होतो, चौकशी होते. बऱ्याचदा त्यातून काही निघत नाही, पण ते दिवस फार वाईट जातात. तेव्हा ती वही उपयोगी पडते.

आईच्या भेटीचं मी वर मधूनमधून लिहिलं, तेही पुरतं समजून घ्या. आईला भेटून आलं की मूल बिघडतं. रडतं, मारतं, झालेली प्रगती मागे जाते. मग प्रतिपालकांना वाटतं, या भेटी बंदच करा ना, किती त्रास होतो त्याला. पण ते रडणं भेटीने आणलेलं नसतं. ते आत साठलेलंच असतं, भेटीने त्याला वाट मिळते. अपवाद आहेत, जिथे भेटच धोकादायक असते, आणि ते न्यायालय किंवा समिती ठरवते. संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क संहितेचं कलम 9 मुलाला आईवडिलांशी नियमित संपर्काचा हक्क देतं, तोही त्याच्या हिताला बाधा येत नसेल तोवर. कठीण भाग तो नाहीच. कठीण आहे त्या बाईला दारात 'या' म्हणणं. ती तुमच्याशी नीट बोलणार नाही. तुमचं घर, तुमची साडी, तिच्या लेकीच्या अंगावरचा नवा फ्रॉक, सगळं तिला टोचणार. लेकीला बरं नव्हतं हे तुम्ही तिला सांगितलंत तर म्हणेल, माझ्याकडे कधी आजारी पडली नाही. ऐकून घ्यायचं. आणि मग विचारायचं, रात्री ती कुठलं गाणं म्हटलं की झोपते? ते फक्त तिलाच माहीत असतं. तो प्रश्न विचारलात की काही बायका पहिल्यांदा खाली बसतात.

मग तुम्ही आत्ता काय करावं? दत्तकाचा अर्ज मागे घेऊ नका. ती वेगळी इच्छा आहे, चांगली आहे, तिला तिच्या रांगेत राहू द्या. फॉस्टर केअरचा अर्ज सहा महिने तरी भरू नका. या काळात समुपदेशन घ्या, मुलाशी बोला, आणि दोन-तीन प्रतिपालक घरांत जाऊन बसा. त्यातलं एक तरी असं शोधा, जिथून मूल परत गेलं आहे. तुमच्याकडे सोय असेल तर विसाव्यापुरतं सांभाळणं हा प्रकारही बघा. दुसऱ्या प्रतिपालकांना श्वास घेता यावा म्हणून महिन्यातले दोन-चार दिवस त्यांच्याकडचं मूल तुमच्याकडे येतं. ते तुमचं होणार नाही हे पहिल्या मिनिटापासून स्पष्ट असतं. त्यात तुम्हाला, मिस्टरांना आणि मुलाला आपण कसे वागतो ते कळेल, आणि कुणाचं काही मोडणार नाही.

सहा महिन्यांनी एक प्रसंग मनात आणून बघा. मुलगी तुमच्याकडे वर्षभर आहे. फोन येतो, तिची आई बरी झाली, तिला खोली मिळाली, काम मिळालं, पुढच्या महिन्यात लेक परत न्यायची. पोटात खड्डा पडणारच, तो मोजू नका. त्या खड्ड्याच्या बाजूला त्या बाईसाठी थोडासा तरी आनंद उमटतो का, तेवढं बघा. उमटला तर अर्ज भरा आणि मला कळवा. नाही उमटला तर दत्तकाची वाट बघा, त्यात काहीच कमीपणा नाही.

रंगाचा प्रश्न तुम्ही विचारला नव्हतात, पण तो डबा माझ्या डोक्यातून जात नाही. खोली रंगवू नका. येईल त्या मुलाला, मुलगी असो की मुलगा, एखादी भिंत कुठल्या रंगाची हवी ते विचारता येईल. आजवर त्याला कुणी फारसं काही विचारलेलं नसतं. भिंतीवर एक खिळा मात्र आत्ताच मारून ठेवा, चार वर्षांच्या मुलाच्या नजरेच्या उंचीला, त्याच्या आईच्या फोटोसाठी. गुलाबी रंग वाया जाणार नाही. झाकण घट्ट बसवून डबा सावलीत ठेवलात की बरेच दिवस टिकतो.